भयपटाचा पहिला प्रवेश

नाटक असो कीं चित्रपट असो, त्याचा पहिला प्रवेश म्हणजे यजमानानें दारांत उभें राहून केलेलें स्वागत होय. आंत कोणत्या प्रकारचें पान वाढलें आहे हें त्या स्वागताच्या दोन शब्दांवरूनच चाणाक्ष पाहुण्याच्या ध्यानांत येतें. विनोदी नाटकाचा कर्ता पहिल्या पांच मिनिटांत हंशा मिळवूं पाहतो, आणि तो मिळाला तर पुढें प्रेक्षक त्याला पुष्कळ कांहीं क्षमा करतो. भयपटाच्या दिग्दर्शकाची स्थिति याहून बिकट असते. त्याच्या चित्रपटाला येणारा प्रेक्षक भिण्याची तयारी करूनच आलेला असतो. आणि जो भिण्याची तयारी करून बसला आहे त्याला भिवविणें हें झोंपेचें सोंग घेतलेल्याला जागें करण्याइतकेंच कठीण आहे.

सामान्य दिग्दर्शक ही अडचण आवाजानें सोडवितो. पडदा उजळतो न उजळतो तोंच दार धाडकन् आपटतें, काळें मांजर अंगावर झेप घेतें, कपाटांतून प्रेत कोसळतें, आणि सर्व वाद्यें एकदम किंचाळूं लागतात. प्रेक्षक दचकतो, शेजारच्याचा हात घट्ट धरतो आणि लगेच हंसतो. हें हंसणें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कारण मनुष्य खरोखर भ्याला म्हणजे इतक्या लवकर हंसत नाहीं. दचकणें हा शरीराचा धर्म आहे, भिणें हा मनाचा. दिवाळींत पाठीमागें फटाका उडाला तरी आपण दचकतों. पण त्या फटाक्यामुळें रात्रीची झोंप जात नाहीं. झोंप घालविणारी भीति कोठून उत्पन्न होते, आणि तिचें बीं पहिल्याच प्रवेशांत कसें पेरावें लागतें, याचा विचार आपल्याच मुलुखांत निघालेल्या तीन चित्रपटांच्या आधारें करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हे तीन चित्रपट म्हणजे १९४९ चा ‘महल’, २०१७ चा मराठी ‘लपाछपी’ आणि २०१८ चा ‘तुंबाड’. त्यांतही ‘तुंबाड’चा आरंभ आम्हांस सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो, म्हणून त्याच्यापाशीं आम्ही अधिक वेळ थांबणार आहों.

प्रथम थोडें शास्त्राकडे वळूं. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत भयानक रसाचें विवेचन आहे. या रसाचे विभाव म्हणून त्यानें शून्य घर, अरण्य, विकृत ध्वनि, कोल्ह्या-घुबडांचे शब्द यांची गणना केली आहे. इतक्या शतकांनंतरही चित्रपटकारांची सामग्री यापलीकडे फारशी गेलेली नाहीं, हें पाहून कोणासही मौज वाटेल. परंतु खरी महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. भरतानें भयानकाचे तीन प्रकार सांगितले आहेत: एक व्याजानें, म्हणजे बतावणीनें उत्पन्न होणारा, दुसरा अपराधानें उत्पन्न होणारा, आणि तिसरा वित्रासित, म्हणजे कोणीं तरी त्रासविल्यानें, भेडसावल्यानें उत्पन्न होणारा. शिवाय बीभत्स हा रस त्यानें भयानकाहून अगदीं वेगळा मानला असून त्याचा स्थायीभाव भय नसून जुगुप्सा आहे. रक्तामांसाचा चिखल दाखवून भीति दाखविल्याचें समाधान मानणाऱ्यांनीं हा भेद एकदां डोळ्यांखालून घालावा. किळस आली म्हणजे मनुष्य तोंड फिरवितो. भीति वाटली म्हणजे तो डोळे मिटतो आणि बोटांच्या फटींतून पुन्हां पाहतो. तोंड फिरविलेल्या प्रेक्षकाला पुढची गोष्ट सांगावयाची कशी?

आमचें म्हणणें असें आहे कीं, भयपटाचा पहिला प्रवेश हा या तीन भयांपैकीं कोणतें भय पुढें येणार याची कबुली असतो. दार आपटून सुरू होणारा चित्रपट वित्रासिताची कबुली देतो आणि मग त्याला शेवटपर्यंत दारेंच आपटावीं लागतात. कारण दुसऱ्या दचक्याला पहिल्यापेक्षां मोठा आवाज लागतो आणि तिसऱ्याला त्याहून मोठा. ज्यांना हा मार्ग मानवला नाहीं त्यांनीं भीतीचा आरंभ मुद्दाम प्रसन्नतेंत केलेला आढळतो. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ याचा १९२२ चा ‘नोस्फेराटू’ हा मूकपट रक्तपिपासु पिशाच्चाचा. पण त्याचा आरंभ होतो तो लख्ख उजेडांत, एका सुखी जोडप्याच्या घरीं. नवरा बागेंत जाऊन फुलें तोडतो आणि मोठ्या प्रेमानें बायकोला आणून देतो. आणि ती बिचारी विचारते कीं, इतक्या सुंदर फुलांचा जीव कां घेतलात? पिशाच्चाचें नांवही अजून निघालेलें नाहीं. पण जीव घेणें हा शब्द घरांत शिरला आहे. आरंभाचें काम याहून अधिक नसतें, आणि याहून कमीही नसतें.

‘महल’ हा मुंबईच्या बॉम्बे टॉकीजचा बोलपट आणि कमाल अमरोही यांचें दिग्दर्शनांतील पहिलेंच पाऊल. वादळी रात्र, अलाहाबादेजवळचा ओस पडलेला प्रासाद, त्याचा नवा मालक, आणि हातांत कंदील घेतलेला वृद्ध माळी. माळी त्या घराची जुनी हकीकत सांगतो: ज्यानें हें घर बांधलें तो एका तुफानी रात्रीं नदींत बुडाला आणि त्याची वाट पाहणारी कामिनीही पुढें त्याच पाण्यांत गेली. मग नव्या मालकाची दृष्टि त्या मृत पुरुषाच्या तसबिरीकडे जाते, आणि तो चेहरा त्याचा स्वतःचाच असतो. घड्याळांत दोनचे ठोके पडतात आणि दुरून गाणें ऐकूं येऊं लागतें. जर्मनींतून येऊन मुंबईस स्थायिक झालेले छायालेखक योसेफ विर्शिंग यांनीं त्या प्रासादाला जो उजेड दिला आहे त्यांत वस्तु दिसण्यापेक्षां वस्तूंची सावली अधिक दिसते. गाण्याविषयीं लता मंगेशकर यांनीं पुढें सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा म्हणून त्या ध्वनिलेखनाच्या वेळीं खोलीच्या टोकाला उभ्या राहून गाऊं लागल्या आणि गात गात ध्वनिग्राहकाकडे चालत आल्या. भीति म्हणजे जवळ येणारें अंतर होय, ही गोष्ट त्या दिग्दर्शकानें व संगीतकार खेमचंद प्रकाश यांनीं किती नेमकी ओळखली होती!

तथापि हें भय व्याजाचें आहे. अखेरीस उलगडा होतो तो असा कीं, भूत म्हणून जी वावरत होती ती माळ्याचीच मुलगी. हा उलगडा ज्यांना ठाऊक आहे त्यांनीं पहिला प्रवेश पुन्हां पाहावा. त्यांत फसवणुकीची सर्व तयारी उघड्यावर मांडलेली दिसेल. कथा सांगणारा माळीच आहे, आणि ऐकणारा मनुष्य ती खरी मानावयास उत्सुक आहे. ‘महल’चा आरंभ मोहक आहे, पण तो आपल्याला कांहीं विचारीत नाहीं. त्या तसबिरींतला चेहरा नायकाचा आहे, आपला नव्हे.

आतां ‘तुंबाड’कडे येऊं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘थँक्यू मिस्टर ग्लाड’ आणि ‘हमिदाबाईची कोठी’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव. चित्रपटाचें नांव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून सुचलेलें. कथेंतील म्हातारीचा भाग नारायण धारप यांच्या एका कथेवरून आलेला. आणि त्या कथेचेंही मूळ स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या कथेंत. बर्वे यांनीं पहिला खर्डा १९९७ सालीं लिहिला, चित्रणास २०१२ सालीं आरंभ झाला, बराच भाग टाकून पुन्हां करावा लागला, आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं चित्रपट लोकांपुढें आला. पुढें २०२४ सालीं तो पुन्हां चित्रगृहांत लागला तेव्हां पूर्वीपेक्षां अधिक गर्दी झाली. भाषा हिंदी असली तरी माणसें, वाडा, वृत्ति हें सारें आपलें आहे.

या चित्रपटाला दोन आरंभ आहेत. पहिला कथेचा. बाप आपल्या मुलाला सांगतो: समृद्धीची एक देवी आहे, पृथ्वी हें तिचें उदर, आणि त्या उदरांत अमर्याद सोनें व अमर्याद धान्य. तिच्या पोटीं सारे देव जन्मले. पहिला पुत्र हस्तर हा तिचा लाडका आणि लोभी. त्यानें सोनें हस्तगत केलें. धान्याकडे हात नेला तेव्हां इतर देव त्याच्यावर तुटून पडले. देवीनें त्याला वांचविलें, पण एका अटीवर: कोणीं त्याची पूजा करावयाची नाहीं, त्याचें स्मरणही ठेवावयाचें नाहीं. तुंबाडच्या एका घराण्यानें ती अट मोडून त्याचें देऊळ बांधलें. आणि देवांचा कोप त्या गांवावर अखंड पावसाच्या रूपानें कोसळूं लागला.

ही कथा ऐकतांना मराठी घरांत वाढलेल्या माणसाच्या कानांत दुसराच सूर घुमूं लागतो, आणि तो सूर आहे श्रावणांतल्या कहाणीचा. आटपाट नगर, गरीब ब्राह्मण, कोपलेली देवता, विसरलेलें व्रत, आणि शेवटीं उतूं नये, मातूं नये, घेतला वसा टाकूं नये, हा उपदेश. बर्वे यांनीं तोच सांचा घेतला आणि उलटा केला. कहाणींत देवाला विसरणें हें पाप असतें; येथें देवाला आठवणें हें पाप आहे. कहाणींत वसा घेणाऱ्याला शेवटीं सुवर्णाची प्राप्ति होते. येथें सुवर्णाच्या प्राप्तीसाठीं वसा मोडला जातो. विसरणें हेंच ज्या देवाचें व्रत, त्याची गोष्ट बाप मुलाला सांगत बसला आहे, म्हणजे व्रतभंग आपल्या डोळ्यांदेखत पुन्हां घडतो आहे. सांगणारा अपराधी, आणि ऐकणाराही. चित्रगृहांत बसलेला प्रेक्षक तो ऐकतो तेव्हां तोही त्या ओळींत जाऊन बसतो. भरतानें सांगितलेला अपराधजन्य भयानक तो हाच. पडद्यावर अद्याप कोणी किंचाळलेलें नाहीं, आणि अपराध मात्र घडून गेला आहे.

या कथेंतलें एक कलम मराठवाड्याच्या वाचकाला विशेष भिडावें. हस्तरला सोनें मिळालें, धान्य मिळालें नाहीं. तो सोन्याच्या राशीवर बसलेला उपाशी देव आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनीं ज्वारी जमिनीखालच्या पेंवांत सांठविली, ज्यांनीं १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी घरांतच ऐकल्या, त्यांना सोनें आणि धान्य यांतला भेद समजावून सांगावा लागत नाहीं. पुष्कळ दिवस बंद असलेलें पेंव उघडल्यावर त्यांत एकदम उतरूं नये, आंत कोंडलेली हवा जीव घेते, हेंही आपल्या खेड्यांतील वडीलधारीं माणसें सांगत आलीं आहेत. भूमीच्या पोटांत धान्यही आहे आणि मृत्युही आहे, हें आपलें जुनेंच ज्ञान आहे. दिग्दर्शकानें त्याला देवतेचें रूप दिलें एवढेंच.

दुसरा आरंभ वाड्याचा. साल १९१८. पाऊस पडतो आहे, आणि तो थांबेल असें चित्रांतील कोणाच्याही चेहऱ्यावर दिसत नाहीं. वृद्ध सरकारांची सेवा एक बाई करते आहे, ती हस्तरच्या मूर्तीपाशीं असलेल्या एकाच सोन्याच्या मोहोरेच्या आशेनें. तिचे दोन मुलगे, विनायक व सदाशिव, दूर आपल्या घरीं. त्या घरांत एक कुलूपबंद खोली आहे आणि त्या खोलींत एक म्हातारी. तिला वेळेवर जेवूं घालावें लागतें. ती जागी झाली तर काय करावयाचें याचा मंत्र मुलांना पढविलेला आहे: झोंपी जा, नाहींतर हस्तर येईल, असा तिला धाक घालावयाचा.

येथें दिग्दर्शकाचें कसब पाहण्याजोगें आहे. ‘झोंप, नाहींतर बागुलबुवा येईल’ हा धाक प्रत्येक मराठी आईनें आपल्या लेंकराला घातलेला असतो. तोच धाक येथें लेंकरानें आजीला घालावयाचा आहे! एवढ्या एका उलटापालटीनें सारें घर उलटें होतें. ज्या मांडीवर निजावयाचें तिची भीति, ज्या हातानें भरवावयाचें त्याच हाताला धोका. खोलीचें दार दिग्दर्शक पुष्कळ वेळ उघडीत नाहीं. तो आपल्याला दाखवितो तें जेवण, दाखवितो तें कुलूप, दाखवितो ते मुलांचे चेहरे. ‘आज तिला जेवण कोणीं न्यावयाचें?’ हा प्रश्न तर घरोघर विचारला जाणारा आहे. आजारी माणसाच्या खोलींत ताट कोणीं न्यावयाचें यावरून कोणत्या घरांत कुरबूर होत नाहीं? आपल्याला भीति वाटते ती या ओळखीमुळें. अनोळखी राक्षस पाहून मनुष्य आश्चर्य करतो. ओळखीचें माणूस राक्षसासारखें वागूं लागलें म्हणजे तो भितो.

पावसाचा उपयोगही असाच विचारपूर्वक केलेला आहे. अनेक पावसाळे साधून हें चित्रण झालें, आणि छायालेखक पंकज कुमार यांनीं ढगाळ दिवसाचा तो शिळा, करडा उजेड चित्रभर कायम राखला. सामान्य भयपटांत पाऊस येतो तो वीज चमकविण्यापुरता. त्याचें काम झालें कीं तो थांबतो. येथें तो थांबत नाहीं, म्हणून त्याचा आवाज थोड्याच वेळांत कानाला ऐकूं येईनासा होतो, आणि मग आवाज न ऐकूं येणें हेंच भयप्रद वाटूं लागतें. सासवडचा पुरंदरे वाडाही त्या चित्रणासाठीं वापरला गेला. त्याच्या दगडांना रंग लावून जुनेपणा आणावा लागला नसेल. दिग्दर्शकानें भीति रचली ती वाड्यांतून, पावसांतून, ताटांतून. भुताला त्यानें मागें बसविलें.

दोष नाहींत असें नाहीं. पहिल्या आरंभांतलीं देवीचीं व देवांचीं यंत्रनिर्मित चित्रें डोळे दिपविणारीं आहेत. पण ऐकतांना जी देवी अफाट वाटते ती दिसतांना मर्यादित होते. कहाणी ही कानांनीं पाहावयाची वस्तु आहे; ती डोळ्यांपुढें मांडली कीं तिचा पैस आटतो. दुसरें असें कीं, दुसरा आरंभ इतका समर्थ आहे कीं पहिल्यानें सांगितलेल्या बऱ्याचशा गोष्टी त्यानें आपोआप सांगितल्या असत्या. मोहोरेसाठीं खपणारी बाई पाहिल्यावर लोभाची व्याख्या करावी लागत नाहीं. आणि तिसरें, ज्यांच्या तोंडीं आजी, आई, सरकार हे शब्द अस्सल बोलींत शोभले असते त्यांना हिंदींतून बोलावें लागतें, तेव्हां मराठी कानाला ती भाषा भाड्याच्या दागिन्यासारखी वाटते.

या तिसऱ्या बाबतींत विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ला कसलीच अडचण नव्हती. तो चित्रपट मराठीच आहे, आणि त्याची भूमि तर आमच्या लातूरकरांच्या अंगणांतली. सावकारांच्या गुंडांच्या धाकानें शहर सोडून पळालेलें एक जोडपें गाडीवानाच्या आश्रयानें त्याच्या गांवीं येतें. बायको गर्भवती आहे. घर एकटें आहे आणि चहूंकडे ऊंस. पूजा सावंत यांची नेहा आणि उषा नाईक यांची तुळसाबाई, या दोघींवर चित्रपट तोललेला आहे. उंसाचा फड ही येथें खरी कुलूपबंद खोली आहे. भिंत असती तर तिच्यापलीकडे काय आहे तें दिसलें नसतें. उंसांत तें क्षणभर दिसतें आणि पाचटांत नाहींसें होतें. मनुष्यापेक्षां उंच वाढलेल्या फडांत शिरलें कीं चार सऱ्यांपलीकडे आपलाच बांध ओळखूं येत नाहीं, हा अनुभव मांजरेच्या कांठच्या कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला आहे. ज्या पिकाकडे पाहून घरांत लग्नाचा विचार ठरतो त्याच पिकाला दिग्दर्शकानें भयाचें घर केलें.

हें भयही अपराधाचेंच आहे. मुलगी जन्मूं न देणें, हा तो अपराध. २०१२ सालीं शेजारच्या बीड जिल्ह्यांत परळी येथें उघडकीस आलेलें स्त्रीभ्रूणहत्येचें प्रकरण मराठवाड्याला विसरतां येणार नाहीं. ‘लपाछपी’तील मुलांचा खेळ पाहतांना तें आठवलें नाहीं असा प्रेक्षक आमच्याकडे विरळा. फरक इतकाच कीं, ‘तुंबाड’ आपल्या अपराधाचें कलम आरंभींच वाचून दाखवितो आणि ‘लपाछपी’ तें शेवटाकडे वाचतो. एकांत आपण आरोप ऐकून साक्षी पाहतों. दुसऱ्यांत साक्षी पाहून आरोप ओळखतों. दोन्ही मार्ग न्याय्य आहेत. परंतु दोहोंतही पहिल्या प्रवेशापासून एक आरोपी हजर असतो, हें विसरतां कामा नये.

आतां एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. आमच्या भागांतील वडीलधारी मंडळी विचारतील, आणि त्यांना तसें विचारण्याचा अधिकार आहे: ज्यांनीं ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट पाहिली त्यांना पैसे देऊन भीति विकत घेण्याचें काय प्रयोजन? गणपतीचें विसर्जन करून माणसें निजलीं होतीं, आणि चारच्या सुमारास किल्लारी व भोंवतालच्या गांवांत दगडमातीच्या जाड भिंती व माळवदें त्यांच्याच अंगावर आलीं. हजारों माणसें गेलीं. ज्या घरानें जपावयाचें त्यानेंच जीव घेतला. यापुढें कोणत्या वाड्याची आणि कोणत्या म्हातारीची मातब्बरी?

या आक्षेपाला आमचें उत्तर असें. किल्लारीचें भय हें अपराधाचें नव्हतें. भूमीच्या पोटांतील खडक सरकला. त्यांत कोणाचें पाप नव्हतें, कोणाचा लोभ नव्हता, आणि गेलेल्यांपैकीं कोणीही कसलें व्रत मोडलें नव्हतें. परंतु मनुष्याचें मन असें आहे कीं त्याला विनाकारण भय सहन होत नाहीं. संकट आलें कीं तें अपराधी शोधूं लागतें, आणि न सांपडला तर बनवितें. कधीं देवाचा कोप म्हणून, कधीं शेजाऱ्याची करणी म्हणून. जें भय निसर्गाचें आहे त्याला अपराधाचा पोषाख चढविणें हा अन्याय होय, आणि जें भय अपराधाचें आहे त्याला निसर्गाचा पोषाख चढविणें हा त्याहून मोठा अन्याय. चांगला भयपट या दोहोंतला भेद करावयास शिकवितो. तो एक कल्पित अपराध आणि एक कल्पित भय अशा नेमक्या दोऱ्यानें बांधतो कीं, चित्रगृहांतून बाहेर पडल्यावर खऱ्या भयाच्या मागें अपराध आहे कीं नाहीं, हें विचारण्याची संवय मनाला लागते. दार आपटणारा चित्रपट ही संवय लावीत नाहीं; तो केवळ दाराची भीति लावतो.

आणि याच ठिकाणीं ‘तुंबाड’च्या आरंभांत एक प्रश्न राहून गेला आहे, जो कोंकणापेक्षां मराठवाड्याला अधिक बोंचावा. अपराध केला एका घराण्यानें. पाऊस पडतो आहे साऱ्या गांवावर. त्या गांवानें काय केलें होतें? कहाणींत कोपलेली देवता निदान ज्याचा अपराध त्याच्याच दारीं जाते. येथें देऊळ वाड्यानें बांधलें, मोहोर वाड्यानें घेतली, आणि भिजत राहिलें तें गांव. गांवाचा चेहरा दिग्दर्शकानें आपल्याला जवळजवळ दाखविलाच नाहीं. त्याची नजर वाड्यावरून हलत नाहीं. प्रथम आम्हांस ही उणीव वाटली. परंतु लातूर शहराला २०१६ सालीं ज्या रीतीनें पाणी मिळालें तें आठवल्यावर ही उणीव निराळी दिसूं लागते. त्या वर्षीं एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावें लागलें. पाऊस सर्वांवर सारखाच रुसला होता. पण तहान सर्वांना सारखी लागली नव्हती. कोणाच्या विंधनविहिरी खोल गेल्या, कोणाच्या शेतांत ऊंस उभा राहिला, आणि घागर घेऊन रांगेंत कोण उभें राहिलें, यांचीं उत्तरें निरनिराळीं होतीं. त्या वेळीं गांवाचा चेहरा कोणत्या वाड्यानें पाहिला?

तेव्हां लोभ एका वाड्याचा आणि शिक्षा साऱ्या गांवाला, ही ‘तुंबाड’च्या आरंभींची गोष्ट अन्यायाची आहे, पण ती खोटी नाहीं. दिग्दर्शकानें तिच्यावर बोट ठेवलें नाहीं, एवढीच आमची तक्रार. ज्या चित्रपटांत एक मूल विचारतें कीं खजिना कोठें आहे, त्यांत दुसऱ्या एखाद्या मुलानें, गांवांतल्या, भिजणाऱ्या मुलानें, पाऊस कां थांबत नाहीं असें एकदां विचारलें असतें तर भयाचें वर्तुळ पुरें झालें असतें.

मराठवाड्याच्या प्रेक्षकाला तो अखंड पाऊस पाहून प्रथम हेवा वाटेल, हें आम्ही जाणतों. जून उलटून गेला तरी आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसाला असा पाऊस शाप वाटावा कसा? पण दिग्दर्शकाची परीक्षा हीच आहे. जें हवेंसें आहे त्याच्याकडे पाहतांना मनुष्याला नकोसें वाटूं लागलें, म्हणजे पहिला प्रवेश साधला. ‘तुंबाड’चा पाऊस पाहतां पाहतां नांदेडच्या किंवा लातूरच्या प्रेक्षकाच्या मनांतला हेवा कोणत्या क्षणीं मावळला आणि त्याच्या जागीं कसली शंका येऊन बसली, हें त्यानें स्वतःशींच आठवून पाहावें. तो क्षण त्याला सांपडला तर भयपटाचा आरंभ कसा रचावा या प्रश्नाचें उत्तर त्याला कोणा टीकाकाराकडून घ्यावें लागणार नाहीं.

यापुढें भयपट काढूं इच्छिणाऱ्या आमच्याकडील तरुणांना एवढेंच सांगावेंसें वाटतें. औसा, उदगीर, कंधार येथील किल्ल्यांच्या ओस बुरुजांकडे यंत्र वळवण्यापूर्वीं घरांतल्या कोठीकडे, विहिरीकडे, शेतांतल्या विंधनाकडे एकदां पाहा. तेथें कोणाचें ताट कमी वाढलें गेलें, कोणाचें पाणी कोणीं ओढून घेतलें, कोणाला जन्मूं दिलें नाहीं, हें शोधा. तो अपराध सांपडला कीं पहिला प्रवेश आपोआप सुचेल. आणि तो सांपडला नाहीं तर मग खुशाल दार आपटा.